त्र्यंबकरावांची पोच

त्र्यंबकराव बेलसरे यांचे आभारप्रदर्शन एकदा मूळ व्याख्यानापेक्षा अकरा मिनिटे जास्त चालले. व्याख्यान शनीच्या कड्यांवर होते. पाहुणे शनीपर्यंत जाऊन वेळेत परत आले. त्र्यंबकराव जाजमापाशीच अडकले. जाजम कोणी दिले, कोणी झटकले, आणि ते आणणाऱ्याला गवळीवाड्याच्या वळणावर कोणाच्या म्हशीने वाट दिली, हे सगळे नावानिशी सांगून झाल्यावर ते श्रोत्यांकडे वळले. "समोर काकूंच्या मांडीवर बसलेले चिरंजीव," ते म्हणाले, "पृथ्वीपासून शनीपर्यंत एकदाही रडले नाहीत. त्यांचे मी आभार मानतो." हे ऐकताच चिरंजीवांनी सूर लावला. त्र्यंबकरावांनी हातातली वही वर धरली, पेन्सिलीने ते नाव खोडले आणि पुढच्या नावाकडे वळले.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीची दहाबारा वर्षे लोणावळ्याच्या आमच्या छोट्या वाचनालयात शास्त्रीय विषयांवर व्याख्याने होत. मी शाळेत मास्तर होतो आणि वाचनालयाचा चिटणीस. त्र्यंबकराव स्टेशनच्या पार्सल हापिसातून निवृत्त झालेले कारकून. व्याख्यानांची कल्पना त्यांची, मेहनत माझी. आभार मानण्याचे काम मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून स्वतःकडे ठेवले होते आणि त्याला कोणाचा हात लागू देत नसत.

"तीस वर्षं मी एकच काम केलं, मास्तर," ते मला सांगत. "माल आला, उतरवला, ज्याचा त्याला दिला आणि सही घेतली. सही झाली की पोच झाली. पोच नसेल तर माल पोचला की वाटेत गेला, कुणी सांगावं? आता हे प्रोफेसर एवढं ज्ञान घेऊन आले. आपण ते उतरवून घेतलं. मग पोच नको का द्यायला?"

आभार हा शब्द ते फक्त टेबलाशी उभे राहून वापरत. एरवी पोच. "त्या सुताराची पोच राहिली," असे म्हणून ते भर रस्त्यात थांबत आणि उलटे फिरत. आभाराआधी जो उठून जाई, त्याच्याकडे ते सही न करता पेटी उचलून चाललेल्या उतारूकडे पाहावे तसे पाहत. वागण्याची समज नसलेल्या माणसाला आपण पोच नाही म्हणतो. त्र्यंबकरावांच्या मते तो शब्द पार्सल हापिसातूनच बाहेर गेला होता.

व्याख्याते गाठण्याची त्यांची रीतही हापिसातलीच. उन्हाळ्यात आणि दिवाळीत पुण्या-मुंबईचे प्रोफेसर हवा पालटायला लोणावळ्याला येत. त्र्यंबकराव गाडीच्या वेळेला फलाटावर उभे राहत आणि सामानावरून माणूस ओळखत. "वळकट्या मोठ्या, तो व्यापारी. लोणच्याची बरणी मांडीवर, तो जावई. पेटी लहान आणि हमालाची मान वाकडी, तो प्रोफेसर. आत पुस्तकं." चार दिवस कोणाशी बोलावे लागू नये म्हणून आलेला तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी सायंकाळी आमच्या टेबलामागे उभा असे.

एकदाच अंदाज चुकला. वाकड्या मानेची पेटी उघडली तर आत कुलपे निघाली. गृहस्थांचे मुंबईत कुलपांचे दुकान होते. "मला व्याख्यान येत नाही हो," असे म्हणत ते शेवटपर्यंत हात जोडत होते. त्र्यंबकराव म्हणाले, "जे येतं ते सांगा." मग त्या गृहस्थांनी एक कुलूप खोलून आतले खटके दाखवले, कोणत्या किल्लीने कोणता खटका का उठतो ते सांगितले, आणि आमच्याकडच्या सगळ्या व्याख्यानांत ते मला सर्वांत चांगले वाटले. शेवटी त्यांनी वाचनालयाचे कपाट किल्लीवाचून उघडून दाखवले. तेव्हापासून मी नवे कुलूप मागत होतो, आणि त्र्यंबकराव म्हणत होते, "कशाला? पुस्तक नेलं तर वाचेल तरी."

या सगळ्यात माझे एक दुखणे होते. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. व्याख्यानाच्या सूचना मी हाताने लिहीत असे, त्या चौकात चिकटवत असे, ग्यासबत्ती पेटवत असे. शेजारच्या घरातले टेबल डोक्यावरून मीच आणत असे. टेबलाच्या मालकाचे आभार मानले जात. टेबलाचा पाय बसवणाऱ्या सुताराचे मानले जात. टेबल ज्याच्या डोक्यावरून आले त्याचे नाव इतक्या वर्षांत एकदाही आले नाही.

माझ्यासारखी आणखी एकच वस्तू होती. पाहुण्यांसाठी पाण्याचा पितळी तांब्या त्र्यंबकराव स्वतः घरून आणत. लख्ख घासलेला, वर भांडे उपडे, त्यावर मण्यांची विणलेली जाळी. रस्त्याने येताना तो दोन्ही हातांत धरलेला असे. म्हशीपर्यंत सगळ्यांचे आभार मानणारा हा माणूस तांब्या कोणाचा, जाळी कोणाची, याबद्दल अवाक्षर काढत नसे.

घरी पोचलो की बायको दारातच विचारी, "आलं का नाव?"

"नाही."

"तांब्याचं?"

"त्याचंही नाही."

"मग बसा दोघं रुसून. वाढते मी."

मी हसत असे. पण दर वेळी वहीचे शेवटचे पान उलटले जाई, तेव्हा मी जाजमावर जरा ताठ होऊन बसत असे, हेही खरे.

एका मे महिन्यात पुण्याच्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्रोफेसर आले. ते डोंगरातल्या खेकड्यांवर संशोधन करत होते. त्र्यंबकरावांनी त्यांना शेजारच्या औंढे गावातल्या कोंडिबाशी जोडून दिले. कोंडिबा शेतकरी माणूस. ओढ्यातल्या कोणत्या दगडाखाली कोण राहते हे त्याला गावातल्या घरांसारखे पाठ. दोघे पंधरा दिवस ओढे तुडवत हिंडले आणि प्रोफेसर बरण्या भरून घेऊन गेले. थंडीत त्यांचे पत्र आले: कॉलेजच्या संशोधन मंडळापुढे त्या खेकड्यांवर निबंध वाचणार आहे, अवश्य यावे.

त्र्यंबकरावांनी मला घेतले आणि कोंडिबालाही घेतले. "माल ज्याचा, तो नको का?" ते म्हणाले.

प्रयोगशाळेत नऊ माणसे होती, आमच्यासह बारा. निबंध इंग्रजीत. फळ्यावर आकृती आणि टेबलावर बरण्या मांडलेल्या. कोंडिबा धुतलेले मुंडासे बांधून पहिल्या बाकावर बसला होता. थोड्या वेळाने तो माझ्या कानाशी लागला. "मास्तर, ती कडची बाटली. त्यो आपल्या वड्यातला हाय. वळखला म्या."

"कशावरून?"

"डावी नांगी न्हाई त्याला. माज्या बोटात ठिवून ग्येला हुता." त्याने बोटावरचा वण दाखवला.

निबंध संपल्यावर एका गृहस्थांनी नेमके त्याच खेकड्याबद्दल विचारले. प्रोफेसर म्हणाले, डावी नांगी बहुधा दुसऱ्या नराशी झालेल्या झुंजीत गेली असावी. मी हळूच कोंडिबाला मराठीत सांगितले.

"कुनाशी झुंज?" कोंडिबा म्हणाला. "माज्याशीच की."

हे त्र्यंबकरावांनी ऐकले. अध्यक्षांनी सभा संपवली, लोक टोप्या उचलू लागले. अशा मंडळींत आभार मानायची चाल नसते, हे मला ठाऊक होते. त्र्यंबकरावांना नव्हते, किंवा असूनही उपयोग नव्हता. "थांबा," ते उभे राहून म्हणाले. "पोच राहिली."

अध्यक्ष टोपी घालून पुन्हा खाली बसले. त्र्यंबकरावांनी प्रोफेसरांचे आभार मानले, खिडक्या उघडणाऱ्या शिपायाचे मानले. मग बरण्यांकडे वळून, "हे इथवर आले आणि यांना आता परत जायचं नाही," असे म्हणून खेकड्यांचे मानले. "शेवटी औंढ्याचे कोंडिबा. दगड यांनी उचलले. प्रोफेसरसाहेबांनी जी झुंज सांगितली, तीही यांच्याशीच झाली. बोट पाहायला मिळेल."

प्रोफेसर लाल झाले. मग मोठ्याने हसले. त्यांनी कोंडिबाला पुढे बोलावून बोट नीट पाहिले, सर्वांदेखत निबंधातली ती ओळ खोडली, आणि त्याचे पूर्ण नाव विचारून समासात लिहून घेतले. नऊच्या नऊ माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्र्यंबकराव वही मिटून बसले. मी ताठ बसलो होतो, तो सैल झालो.

परतीच्या गाडीत कोंडिबा त्र्यंबकरावांना म्हणाला, "आमास्नी कशाला उटवलं, भाऊ? म्या तर त्येला कालवनापायी धरलं हुतं. लय लाजलो." आणि कामशेत यायच्या आत तो गाढ झोपला.

मी धीर केला. "त्र्यंबकराव, आज खेकड्यालाही पोच मिळाली."

"मग? जिवानिशी गेला बिचारा."

"नाही, म्हणजे... कुणाचं नाव राहून तर जात नाही ना, तुमच्याकडून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग कोटाच्या खिशावर हात ठेवला. "राहत नाही. वही आहे," एवढेच म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस त्र्यंबकराव गेले. तीन दिवस ताप आला आणि चौथ्या दिवशी ते नव्हते. मागे कोणी नव्हते. त्यांची पत्नी मी लोणावळ्याला येण्यापूर्वीच वारली होती. तिच्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मी कधी विचारले नाही.

वाचनालयात शोकसभा झाली. जाजम, टेबल, माणसे सगळे नेहमीचेच. टेबलावर तांब्या तेवढा नव्हता. चार जण बोलले. शोकसभेत आभार मानत नाहीत. त्यामुळे शेवटचे भाषण झाले तरी कोणी उठेना. आमच्या गावाला आभाराशिवाय उठायची सवयच नव्हती. माणसे समोरच्या भिंतीकडे पाहत नुसती बसून राहिली. मागून कोंडिबाचा आवाज आला, "मास्तर, आता उटायचं कसं?" कोणी हसले नाही.

त्यांची खोली आवरायचे काम घरमालकांनी माझ्यावर सोपवले. एक खाट, दोन कोट, तांब्या, जाळी आणि वह्या. दर वर्षाची एक वही. मी सर्वांत जुनी उघडली. पहिल्या पानावर त्यांच्या टपोऱ्या, पार्सलावर पत्ता लिहावा तशा अक्षरात मथळा होता: 'यांना पोच देऊ नये.' आभाराआधी उठून जाणाऱ्यांची यादी असेल, असे मला वाटले. खाली दोनच नावे होती. पहिले, 'सौ. यमुना – तांब्या, जाळी.' दुसरे माझे, आणि पुढे, 'बाकी सर्व.' दोन्ही नावांना मिळून एक मोठा कंस काढला होता आणि कंसाबाहेर लिहिले होते, 'घरचे.'

मी सगळ्या वह्या उघडल्या. दर वर्षी ते पान नव्याने लिहिलेले होते. यमुनाबाईंच्या नावामागे कोणत्याच वहीत त्यांनी 'कै.' घातले नव्हते.

दिवाळीत खेकड्यांचे प्रोफेसर व्याख्यानाला आले. बोलावल्यावाचून आले. आभार माझ्याकडे होते. मी तांब्या दोन्ही हातांत धरून नेला, टेबलावर ठेवला, वर जाळी घातली. व्याख्यान झाल्यावर मी प्रोफेसरांचे आभार मानले. जाजमाचे, टेबलाचे, सुताराचे, कोंडिबाचे मानले. आता त्र्यंबकरावांचे नाव येणार म्हणून काहींनी माना खाली घातल्या. मी वही मिटली आणि बसलो.

बाहेर वहाणा शोधताना मागे कोणीतरी बोलले, "ज्याने हे सगळं उभं केलं, त्याचं नाव नाही घेतलं. मास्तरला पोच नाही."

बायको दारातच उभी होती. "घेतलंत का त्यांचं नाव?"

"नाही."

तिने माझ्या हातातला तांब्या घेतला. "बरं केलंत," म्हणाली, आणि आत नेऊन तो आमच्या भांड्यांत ठेवला.