दाराबाहेरची अकरा मिनिटं

इंग्रजीतली क्रियाविशेषणं मी दीड तासात संपवून दाखवीन! असं मी भर वर्गात जाहीर केलं आणि तेव्हा माझा आवाज जराही चाचरला नाही. का चाचरावा? वीस वर्षं मी लोकांची हस्तलिखितं तपासत आले आहे. भलेभले लेखक माझ्या लाल पेनाला वचकून असतात.

"दीड तासात?" बसचे ड्रायव्हरकाका म्हणाले. "सर तीन आठवडे घ्यायचे."

सर म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले होते.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत बाबा तेवीस वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत. कामावरून सुटलेली माणसं यायची. सध्याच्या तुकडीत अकरा जण होते. ड्रायव्हरकाका, हॉस्पिटलातल्या नर्सताई, कपडे शिवणाऱ्या मावशी, एक सुतार, एक वॉचमन वगैरे. बाबा गेल्यावर वाचनालयाच्या नव्या अध्यक्षांचं पत्र आलं. 'मी स्वतः येऊन वर्ग पाहीन. शिक्षकांच्या पश्चात तो चालण्याजोगा वाटला तर चालू राहील. अन्यथा खोली जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांसाठी वापरण्यात येईल.' तारीख अमुक, वेळ सहा.

तेवीस वर्षांच्या जागी गठ्ठे! मी पत्राची घडी घातली, बाबांचा वर्ग हाती घेतला आणि कामाला लागले.

शेवटची दोन वर्षं बाबांना दिसत नव्हतं. फळा सुटला, वह्या तपासणं सुटलं. तेव्हा त्यांनी कानांवर चालणारा एक खेळ काढला. एकाने दोन चिठ्ठ्या उचलायच्या, एकीवर क्रियापद, दुसरीवर क्रियाविशेषण. चिठ्ठ्या घेऊन बाहेर जायचं, आतून कडी लावली जायची. बाहेरच्याने ती कृती चिठ्ठीत लिहिलेल्या तऱ्हेने करायची आणि आतल्यांनी नुसत्या आवाजावरून इंग्रजीत वाक्य सांगायचं. बरोबर आलं की बाहेरून 'येस' यायचं. 'येस' आल्याशिवाय दार उघडायचं नाही आणि उत्तर फुटेल असं बाहेरच्याने काही बोलायचं नाही. हे दोन नियम वर्गात कायद्यासारखे पाळले जात.

मला हा खेळ पोरकट वाटायचा. पण अध्यक्ष येण्याआधी अर्धा तास हाताशी होता आणि मंडळी फार घाबरली होती. म्हटलं, घेऊ एक डाव. जीभ तरी मोकळी होईल.

ड्रायव्हरकाकांनी चिठ्ठ्या उचलल्या आणि ते बाहेर गेले. वॉचमनने कडी घातली.

टक टक टक.

"ही इज नॉकिंग!" सुतार म्हणाला.

"हाऊ?" मी.

"पोलाइटली!"

बाहेरून 'येस' आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा टकटक झाली, या वेळी अगदी हलकी.

"सॉफ्टली!" सगळे एकदम ओरडले. तरी 'येस' नाही.

"काका आज अवघड चिठ्ठी घेऊन गेलेत," मावशी म्हणाल्या.

मग दारावर थाप पडली. मग दुसरी. मग अशी काही दणादण सुरू झाली की बिजागऱ्या सुताराकडे आशेने पाहू लागल्या!

"लाउडली! व्हेरी लाउडली!"

"छान!" मी म्हटलं. "व्हेरी कुणाला चिकटलं? लाउडलीला. म्हणजे एक क्रियाविशेषण दुसऱ्याच्या खांद्यावर बसलं." मी फुलून आले होते. दीड तास कसला, तासाभरात संपत होतं सगळं!

एवढ्यात बाहेरून आवाज आला, "दार उघडा! मी अध्यक्ष आहे!"

वर्गात हास्याचा स्फोट झाला.

"काय आवाज काढलाय काकांनी!" मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "हुबेहूब अध्यक्ष!"

"तुम्ही पाहिलंय का त्यांना कधी?" नर्सताईंनी विचारलं.

"नाही बाई. पण असेच असणार!"

खरं सांगते, मीही हसले. घड्याळात सहाला वीस मिनिटं बाकी होती. पत्रात सहा लिहिलेला माणूस वीस मिनिटं आधी येऊन दार ठोठावेल, हे माझ्यासारख्या वेळेच्या पक्क्या बाईच्या डोक्यात येणारच नाही.

बाहेर काय घडत होतं, ते नंतर कळलं. अध्यक्षांनी दार वाजवताच ड्रायव्हरकाकांना वाटलं, मॅडमनी आपल्याआधी पाहुण्यांना डाव दिला. ते अदबीने बाजूला सरकले. अध्यक्षांनी विचारलं, "आत काय चाललंय?" काका नियमाचे पक्के. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हातातल्या चिठ्ठ्या पुढे केल्या. नॉक. सॉफ्टली. अध्यक्षांनी त्या सूचना समजून पाळल्या! हलकेच वाजवलं. आतून कौतुकाचा जल्लोष झाला; पण 'येस' म्हणायचं असतं हे अध्यक्षांना ठाऊक नव्हतं आणि डाव पाहुण्यांचा म्हणून काका बोलले नाहीत, त्यामुळे दार काही उघडलं नाही. त्यानंतर ते दणादण प्रकरण.

"मी शेवटचं सांगतोय!" बाहेरून गर्जना झाली.

"ही इज अँग्री," वॉचमन म्हणाला.

"हाऊ अँग्री?" मी विचारलं. "क्रियाविशेषण नुसतं क्रियापदामागे फिरत नाही. विशेषणाच्या पुढ्यात उभं राहून ते किती, हेही सांगतं. बोला!"

"क्वाइट अँग्री!"

"एक्स्ट्रीमली अँग्री!"

मग बाहेर शांतता पसरली. बऱ्याच वेळाने फक्त तीन टकोरे आले, सावकाश, मध्ये अंतर ठेवून.

नर्सताई कान देऊन ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, "नाऊ ही इज नॉकिंग रादर सॅडली."

कुणी हसलं नाही. मावशी मात्र दारापाशी गेल्या आणि मोठ्याने विचारलं, "सर, आर यू टेरिबली अँग्री?"

"येस!" बाहेरून किंकाळी आली.

'येस' आलं! टाळ्यांच्या कडकडाटात वॉचमनने कडी काढली.

दारात एक परके गृहस्थ उभे होते. टाय कानाखाली, कपाळ घामाने डबडबलेलं, काखेत वाचनालयाची फाइल. टाळ्या एकेक करून विझल्या. त्यांच्या मागून ड्रायव्हरकाकांनी डोकं काढलं. "मॅडम, इट वॉज अ‍ॅक्चुअली माय टर्न."

मी सगळं सांगितलं. बाबांचे डोळे, खेळ, चिठ्ठ्या, 'येस'. बाजू मांडायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

"अकरा मिनिटं," अध्यक्ष म्हणाले. "अकरा मिनिटं मी बाहेर होतो." ते बाकावर बसले. "रादर सॅडली कोण म्हणालं?"

नर्सताई उभ्या राहिल्या. "मी."

"कशावरून?"

"आमच्याकडे पेशंट आधी बेल जोरात दाबतो," त्या म्हणाल्या. "कुणी आलं नाही की चिडून दाबतो. आणि कुणी येणारच नाही असं वाटलं की मग तशी दाबतो. सावकाश."

अध्यक्ष बराच वेळ टाय सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मी दार वाजवत होतो आणि ही माणसं माझं इंग्रजीत बिनचूक वर्णन करत होती. घरी बायको-मुलंसुद्धा मला इतकं लक्ष देऊन ऐकत नाहीत हो!" त्यांनी फाइल उघडली. "शिकवलं कुणी यांना हे? तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या वडिलांनी."

हे तीन शब्द मी मोजून उच्चारले. त्यांत काही घालायचं नव्हतं, काही गाळायचं नव्हतं.

त्यांनी सही केली. वर्ग चालू. गठ्ठ्यांची सोय दुसरीकडे. वर्गाने असा गलका केला की खालच्या वाचकांनी छताकडे पाहिलं असेल. मी फळ्यापाशी ताठ उभी होते. आभाराचं छोटंसं भाषण तयार होतं, पण त्याच्या पहिल्याच वाक्यात बाबा होते. म्हणून मी नुसतीच हसत राहिले.

वर्ग हळूहळू शांत झाला. अकरा जण माझ्याकडे पाहत होते. अध्यक्षही.

"मॅडम इज स्मायलिंग," सुतार पुटपुटला.

"हाऊ?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

"प्राउडली," वॉचमन म्हणाला.

नर्सताईंनी मला नीट निरखलं आणि मान हलवली. "बॅडली. व्हेरी बॅडली."

मी त्या वाक्यात चूक शोधली. सापडली नाही. पूर्ण गुण दिले.