पुराच्या वरची बॅटरी

शंकरतात्या कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे नाही, भिंतीकडे बघतात. विजेचा बोर्ड किती उंचीवर आहे ते पाहून मगच चपला काढायच्या की नाही ते ठरवतात. माझा बोर्ड कमरेच्या उंचीवर आहे. त्यामुळे दहा वर्षं शेजारी राहूनही ते माझ्याकडे कधी टेकलेले नाहीत. दारातूनच "बोर्ड खाली हाय, मास्तर" म्हणतात आणि निघून जातात. सुरुवातीला मला राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

महाडला पूर नवा नाही. पाणी घरात शिरतं, चिखल ठेवून जातं. तात्यांनी तीस वर्षं वायरमनचं काम केलं. पूर ओसरला की लोकांच्या भिंती फोडायच्या आणि आतल्या सडलेल्या वायरी ओढून काढायच्या. त्यातून त्यांनी दोनच गोष्टी पक्क्या केल्या: वायर डोळ्यांना दिसली पाहिजे आणि करंट पाण्याच्या वर पाहिजे. त्यांच्या घरात सगळ्या वायरी पांढऱ्या पट्ट्यांतून भिंतीवरून फिरतात आणि बोर्ड छताला टेकलेले. बायको होती तोवर ती लाटण्याने बटणं दाबायची. आता तात्या एकटेच स्टुलावर चढतात आणि उतरतात.

मुलगा निलेश पुण्यात, मोठ्या नोकरीत. गेल्या उन्हाळ्यात तो गाडीच्या टपावर सायकल बांधून आला. तिचे गियर विजेवरचे. हँडलवरचं बटण दाबलं की मागची छोटी मोटर साखळी सरकवते. बॅटरी सीटच्या दांड्यात लपवलेली आणि वायर सायकलच्या नळ्यांच्या पोटातून. कशेडी घाट चढायचा त्याचा बेत होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गियर हलेनात. मागच्या चाकाशी वायर जिथे बाहेर येते तिथे उंदराने ती कुरतडली होती. निलेशने घराला, गावाला आणि उंदराला एका दमात नावं ठेवली. दिवाळीला आलो की बघू म्हणाला आणि सायकल ओटीवर टाकून परत निघाला. जाताना एवढं मात्र सांगून गेला, "बाबा, तुम्ही हात लावू नका. हे तुमच्या कामातलं नाही."

वायरमनला वायरीला हात लावू नको म्हणणारा हा शहाणा. मी तिथेच उभा होतो. तात्या सायकलकडे बघत राहिले.

आठवडाभरात त्यांनी माझ्या फोनवरून नवी वायर मागवून घेतली. ती आत घालायला तीन आठवडे गेले. भिंतीच्या पायपातून वायर ओढायची त्यांची स्प्रिंग सायकलच्या पहिल्याच वळणात अडकली. मग त्यांनी दोऱ्याला बारीकसा नट बांधून तो नळीत सोडला आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक बाहेरून फिरवत त्याला मागच्या टोकापर्यंत नेलं. दोऱ्यामागून वायर आली. बटण दाबलं, मोटर किरकिरली, हिरवा दिवा लागला. मी मनापासून शाबासकी दिली. शिकवणीत कुणाला कधी देत नाही.

तिथेच थांबले असते तर ते शंकरतात्या कसले? दोन दिवसांनी मी गेलो तर वायर बाहेर. नळीत लपलेली आंधळी वायर त्यांना सोसेना. त्या लाखाच्या सायकलीवर त्यांनी घरात वापरतात तसली पांढरी पट्टी हँडलपासून मागच्या चाकापर्यंत चिकटवली होती. बॅटरी दांड्यातून काढून प्लॅस्टिकच्या डबीत घालून हँडलवर बांधली होती. का, तर करंट पाण्याच्या वर. मी म्हटलं, तात्या, मागच्या पुराची खूण तुमच्या भिंतीवर डोक्याच्याही वर आहे, हँडल छातीएवढं. त्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि संध्याकाळी अख्खी सायकल छताच्या कड्यांना टांगली.

दिवाळीला निलेश आला. तात्यांनी स्टूल तयार ठेवलं होतं. गियर चालताना बघायचे तर एकाने पायडल फिरवायचं आणि दुसऱ्याने बटण दाबायचं, आणि ती सायकल एवढ्या वर की एकट्याचे हात पुरत नाहीत. "तू चढ, बटन दाब. मी खालून काठीनं पायडल फिरवतो," तात्या म्हणाले. निलेश वर बघून इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याने फोटो काढला, मित्रांना पाठवला. स्टुलावर काही चढला नाही. म्हणाला, "राहू द्या बाबा. मी नवीन घेतली. तिच्यात वायरच नसते."

तात्यांनी हा घाव गिळला. एवढंच विचारलं, "मग बॅटरी?"

"ती असते. ती चार्ज करावीच लागते."

"मंग ठीक हाय," तात्या म्हणाले.

आता दर रविवारी ते स्टुलावर चढून त्या टांगलेल्या सायकलीची बॅटरी चार्जिंगला लावतात. मी एकदा चिडून म्हणालो, वापरात नसलेली बॅटरी महिनोन्‌महिने उतरत नाही, कशाला हातपाय मोडून घेता?

"ठाव हाय मला, मास्तर. पन तो आला, बटन दाबलं आनि नाय चाललं, तर काय म्हनेल? बापाला काय जमत नाय."

मग मीच स्टुलावर चढलो. तात्यांनी खालून काठीने पायडल फिरवलं, मी बटण दाबत गेलो. साखळी एकेक चक्र चढली, एकेक उतरली, कुठेही अडली नाही. तात्या मान वर करून बघत होते आणि त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. "त्याला सांग," ते म्हणाले. "तू बघितलंस ना? त्याला सांग, चालते."

घरी येऊन मी निलेशला फोन लावला. म्हटलं, तुझ्या वडिलांनी सायकल अगदी व्यवस्थित केली आहे, एकदा येऊन बघून जा.

"कुठली सायकल, सर?" तो म्हणाला. मग त्याला आठवलं. "अच्छा, ती. ती अजून टाकली नाही का त्यांनी?"

मी फोन ठेवला. कानाखाली वाजवायला पुणे फार लांब पडतं. बाहेर आलो तर तात्या माझ्या दारात उभे. त्यांनी भिंतीकडे बघितलं नाही, बोर्डाबद्दल काही बोलले नाहीत. चपला काढून आत आले आणि दहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसले.

"काय म्हनला?"

"म्हणाला, चार्ज करत राहा," मी सांगितलं.

तात्यांनी मान डोलावली आणि रविवारी पुन्हा स्टूल ओढलं.