हाम्बोच्या आधीचा आलाप

कपाटाचं दार काही केल्या बंद होईना, तेव्हा अहिल्याने आत अडलेली वस्तू ओढून बाहेर काढली. ती व्हायोलिनची पेटी निघाली.

"ही एप्रिलमधल्या गराज सेलला जाणार," तिने जाहीर केलं.

उल्हास रिक्लायनरमध्ये आडवा झाला होता. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरचं हे घर घेतल्यावर त्याने पहिली खरेदी केली होती ती या खुर्चीची, आणि शनिवार-रविवार त्याचा मुक्काम तिच्यातच असे. एरवी त्याला तिथून उठवायला तीन हाका आणि एक धमकी लागायची. आज तो एका वाक्यात उठून बसला.

"बाबांचं व्हायोलिन?"

"बाबांचं आहे म्हणून अकरा वर्षं गप्प बसले. रुचा दहा वर्षांची झाली, तिने ही पेटी कधी उघडलेली पाहिली नाहीये."

"माझा मनातल्या मनात रियाज चालू असतो."

"मग व्हायोलिनही मनातच ठेव. कपाटात मला व्हॅक्यूम क्लीनर ठेवायचाय."

उल्हासने पेटीकडे पाहिलं. मिरजेच्या पोस्टात नोकरी करणाऱ्या त्याच्या वडिलांनी हौसेने ते व्हायोलिन घेतलं होतं. तो अमेरिकेला निघाला तेव्हा मुंबईच्या विमानतळापर्यंत ती पेटी त्यांनी मांडीवर धरून आणली होती. "वाजव, नाहीतर वाजवू नकोस, पण जवळ असू दे," एवढंच म्हणाले होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेव्हापासून उल्हासला ती पेटी उघडायचीच भीती वाटायची. पण हे बायकोला सांगायचं म्हणजे डोळ्यांत पाणी आणायचं, आणि ते त्याला जमणारं नव्हतं. त्यापेक्षा थापा मारणं सोपं होतं.

"बरं," अहिल्या जरा नरमली. "सेलच्या आधी एकदा चार माणसांसमोर वाजव. राहील व्हायोलिन. नाही वाजवलंस तर जाईल. डील?"

"डील," उल्हास म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला. चार माणसं कुठून येणार होती?

चार माणसं ऑफिसातून आली. त्याच्या टीममधली कॅरन बर्गस्ट्रॉम आजोबांच्या काळापासून स्वीडिश होती. लंचला ती म्हणाली, मी फिडल वाजवते, म्हणजे नाचाच्या साथीचं व्हायोलिन. आता समोरच्याने असं म्हटल्यावर "अरे वा" म्हणून माणसाने सँडविच खावं. पण उल्हास म्हणाला, "आय प्ले टू!" कॅरनचे डोळे चमकले. दर जानेवारीत त्यांचा ग्रूप पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात एक लॉज घेऊन लाँग वीकेंडला स्कँडिनेव्हियन नाच आणि फिडल असा मेळावा भरवत असे. तिने त्याला आमंत्रण दिलं. उल्हास "शुअर, शुअर" म्हणाला. अमेरिकेत "शुअर" म्हटलं की विषय संपतो, असा त्याचा अनुभव होता.

कॅरनचा अनुभव वेगळा होता. तिने त्याच संध्याकाळी घरी फोन केला, आणि तो अहिल्याने उचलला.

"तिघांची खोली बुक झाली," फोन ठेवून अहिल्या म्हणाली. "मी तिळाच्या वड्या नेतेय, संक्रांत आहेच. किती माणसं असतील माहितीये? साठ."

"डीलमध्ये चार होती."

"छप्पन्न बोनस."

त्यानंतर महिनाभर उल्हास गराजमध्ये गाडीशेजारी सतरंजी घालून बसू लागला. पहिल्याच दिवशी एक तार तुटली. दुसऱ्या आठवड्यात सूर लागायला लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याला भूप आठवला. तेव्हा तो एकटाच हसला आणि मग थोडा रडलाही. थंडीमुळे नाक वाहतंय असं त्याने रुचाला सांगितलं. मिरजेच्या गुरुजींनी त्याच्याकडून दोन वर्षं भूपाचा नुसता आलाप घोटून घेतला होता. तो आलाप हाडात बसलेला होता. पुढची ठेक्यातली गत जेमतेम दोन महिने शिकवली होती, पण ती आयत्या वेळी आठवेल, असं त्याने ठरवून टाकलं.

लॉजवर गुडघाभर बर्फ होतं. दाराशी बुटांचा ढीग पडलेला पाहून अहिल्याला एकदम घरच्यासारखं वाटलं. आत लाकडी जमिनीवर जोडपी एकमेकांना धरून गरगर फिरत होती, आणि कोपऱ्यात दहा-बारा फिडलवाले पाय आपटत वाजवत होते. या नाचाला हाम्बो म्हणतात, असं कॅरनने सांगितलं. इथली एक रीतही सांगितली: ज्याच्याबरोबर नाचायला उभं राहायचं, त्याच्याबरोबर दोन नाच पुरे करायचे. मध्ये हात सोडणं फार वाईट दिसतं.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर कॅरन टाळ्या वाजवून म्हणाली, "पुढच्या नाचासाठी आपला इंडियातला पाहुणा वाजवणार आहे!"

साठ माणसांत उत्साहाची लाट आली. पटापट जोड्या लागल्या. गुन्नार नावाचे पंचाहत्तरीचे उंचेपुरे आजोबा अहिल्यासमोर झुकले. ती "नो नो" म्हणाली, ते आपल्याकडल्यासारखं दोनदा आग्रह करतील म्हणून. पण त्यांना ऐकू कमी येत होतं, त्यामुळे पहिल्याच झटक्यात ती त्यांच्या हातांत जाऊन उभी राहिली.

कॅरनने उल्हाससाठी खुर्ची आणली.

"नो, नो. वन बेडशीट, प्लीज," उल्हास म्हणाला.

खुर्चीत बसून त्याने जन्मात वाजवलं नव्हतं. मांडी घालायची, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. कोपऱ्यात फिडलवाले होते, म्हणून चादर पसरली ती बरोबर हॉलच्या मध्यावर. उल्हास मांडी घालून बसला आणि त्याच्याभोवती वीस-बावीस जोडपी गोल धरून उभी राहिली.

तो सूर लावू लागला. चार मिनिटं लागली. जोडपी एकमेकांच्या कमरेत हात घालून, एकेक पाय जरासा पुढे टाकून तयार होती. मग त्याने डोळे मिटले आणि भूपाचा षड्ज धरला.

आलापाला ठेका नसतो, हे उल्हासला माहीत होतं. नाचणाऱ्याला ठेका लागतो, हेही त्याला माहीत होतं. पण आलाप झाल्याशिवाय गतीला हात लावायचा नाही, हे गुरुजींनी वेताची छडी दाखवून शिकवलं होतं. मिरजेच्या त्या छडीचा धाक पेनसिल्व्हेनियापर्यंत पुरला.

तीन मिनिटं झाली. कुणी हात सोडला नाही, कारण रीत. पाच मिनिटं झाली. एका बाईंनी उचललेला पाय हळूच खाली ठेवला आणि दुसरा उचलला. गुन्नार आजोबा डोळे मिटून मंद डोलत होते.

"डॅड," रुचा चादरीजवळ येऊन कुजबुजली, "दे आर वेटिंग."

"आलाप चालूय."

"इट्स बीन एट मिनिट्स!"

"उल्हास, ठेका!" आजोबांच्या कोटाआडून अहिल्याचा आवाज आला. "अरे, ठेका दे! माणसं आखडली!"

उल्हासने आलाप संपवला. आता गत. त्याने कमान उचलली आणि त्याच्या लक्षात आलं की गत नाही. पहिला स्वरसुद्धा आठवेना. पाच स्वरांचा राग, पण पाचांतला कुठला आधी घ्यायचा? त्याने घाबरून पुन्हा आलाप सुरू केला.

गोलात एक सामुदायिक उसासा उमटला. उल्हासला वाटलं, गेलं. बाबांनी मांडीवर धरून आणलेलं व्हायोलिन एप्रिलमध्ये ड्राइव्हवेवर, जुन्या टोस्टरशेजारी. त्याने डोळे उघडून बायकोकडे पाहिलं.

अहिल्याने ती नजर ओळखली. बारा वर्षांच्या संसारात तिने ती एकदाच पाहिली होती, मिरजेहून तो फोन आला त्या दिवशी. तिने क्षणभरही विचार केला नाही. आजोबांचे हात कमरेवरून काढले, हातांची फुली घालून ते घट्ट धरले, पावलाला पाऊल जुळवलं आणि म्हणाली, "गुन्नारकाका, होल्ड टाइट!"

पुण्यातल्या मंगळागौरींत अहिल्याला फुगडीत हरवणारी बाई निघाली नव्हती. ती मागे रेलली, तोंडाने "फू! फू!" असा ठेका धरला आणि फिरली. आजोबा पहिल्या फेरीला दचकले, पण आयुष्यभर गरगर फिरलेला माणूस; तिसऱ्या फेरीला ते स्वीडिशमधला होकार देत ओरडले, "या! या!" कोपऱ्यातल्या फिडलवाल्यांनी अहिल्याच्या "फू"वर पाय आपटायला सुरुवात केली. उल्हासला एवढंच हवं होतं. गतीबितीचा नाद सोडून त्याने भूपाचे पाच स्वर त्या ठेक्यावर वर-खाली पळवले. गुरुजींनी पाहिलं असतं तर छडी मोडली असती. पण फिडलवाल्यांनी ते पाच स्वर दोन मिनिटांत उचलले, आणि वीस-बावीस जोडप्यांनी फुल्या घालून फुगडी धरली. नाच संपला तेव्हा रीतीप्रमाणे दुसरा झालाच पाहिजे, म्हणून उल्हासला सगळं पुन्हा वाजवावं लागलं.

शेवटी गुन्नार आजोबा धापा टाकत चादरीपाशी आले. उल्हास माफी मागणार तोच ते म्हणाले, "पन्नास वर्षं नाचतोय. सुरुवातीचा तो उभं राहायचा भाग सगळ्यात छान होता. उद्या जरा आणखी लांब वाजव. माझे गुडघे दुखतात."

सोमवारी घरी परतताना रुचा मागे झोपली होती. उल्हास शीळ घालत ड्राइव्ह करत होता.

"गत विसरला होतास ना?" अहिल्या म्हणाली.

"आलाप जरा लांबला."

"बाबांनी सांगितलंय मला. गत विसरलास की लहानपणीही पुन्हा आलाप सुरू करायचास. ते म्हणायचे, तसं झालं की त्याच्याकडे बघायचं नाही, आपण ठेका धरायचा."

उल्हासची शीळ थांबली. बराच वेळ त्याला पुढचा रस्ता धूसर दिसत होता, आणि या वेळी त्याने नाकाचं कारण सांगितलं नाही. अहिल्याने टिश्यू पुढे केला.

"म्हणजे व्हायोलिन राहिलं," शेवटी तो म्हणाला.

"राहिलं की. डील म्हणजे डील. शिवाय कॅरनला मी शब्द दिलाय, दर शनिवारी आपल्याकडे प्रॅक्टिस. आठ-दहा जण येतील. गुन्नारकाकांना फुगडी पक्की करायचीये."

"आपल्याकडे? जागा कुठाय?"

"होईल," अहिल्या म्हणाली.

एप्रिलच्या गराज सेलला पहिलं गिऱ्हाईक सकाळी आठलाच आलं. एडिसनचं एक तरुण जोडपं होतं. उल्हास ड्राइव्हवेवर उभा राहून बघत होता. त्या पोराने वस्तू उलटसुलट पाहिली, आत बसला, दांडी ओढली, पाय वर गेले, डोकं खाली.

"काका, कम्फर्टेबल आहे का हो?"

"फार," उल्हास म्हणाला.

रिक्लायनर त्यांच्या गाडीच्या टपावर बांधला गेला. घरात मोकळ्या झालेल्या जमिनीवर अहिल्या चादर पसरत होती.

"उल्हास, सूर लावायला घे," ती आतून ओरडली. "आठवड्याभरात गत आठवली का?"

"नाही," उल्हास म्हणाला आणि मांडी घालून बसला.