अर्थिंगला जमिनीची हरकत

मिरजेच्या सुमित्रा खोत यांच्या घरातल्या प्लगला अर्थिंग मिळत नव्हतं, कारण घराखालच्या जमिनीने करंट घेणं बंद केलं होतं.

हे मंगळवारी सकाळी उघड झालं. सुमित्राबाईंचे यजमान बाळकृष्ण गुरुवारी दवाखान्यातून घरी यायचे होते. त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागणार होतं, आणि अर्थिंग नसेल तर मशीन बसवणार नाही, असं मशीनवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं. वायरमन रियाज मुल्ला यांनी प्लगला टेस्ट लॅम्प लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लागला, फेज आणि अर्थिंगमध्ये लागला नाही. वायर शाबूत होती. मग त्यांनी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकून दोन बादल्या पाणी ओतलं. पाणी तसंच वर उभं राहिलं.

“वायर ठीक आहे, वहिनी,” ते म्हणाले. “जमिनीची हरकत आहे.”

“मिटते ना?”

“काही ठिकाणी मिटते. एका गिऱ्हाइकाने शेवटी घर बदललं. काही जण न्यूट्रललाच अर्थिंगची वायर जोडून देतात, पण उद्या मशीनच्या अंगात करंट उतरेल. मी ते करणार नाही.”

“मीही करू देणार नाही,” सुमित्राबाई म्हणाल्या. त्यांनी स्टूल आणलं आणि खड्ड्याशी बसून विचारलं, “हरकत काय आहे?”

“एकोणीस वर्षं घेतलं,” जमीन म्हणाली. आवाज खालचा, पण स्पष्ट होता. “गिझरचं, फ्रिजचं, वॉशिंग मशीनचं तर रोज. तुम्ही मात्र भिंतीपर्यंत फरशी घातली. वरून थेंब येत नाही. कोरड्या अंगाने किती घ्यायचं?”

फरशी सुमित्राबाईंनीच हट्टाने घालून घेतली होती. “चिखल नको म्हणून घातली,” त्यांनी सांगितलं.

“चिखल म्हणजे मीच.”

सुमित्राबाईंनी फाटकापर्यंतच्या फरशीवर नजर फिरवली. त्यांनी विचारलं, “फाटकापर्यंत मोकळं केलं तर?”

“तर विचार करीन.”

रियाजभाईंच्या ओळखीचा गवंडी रविवारशिवाय मोकळा नव्हता. सुमित्राबाईंनी शेजारून पहार आणली. दीड दिवस त्या फरशी उखडत होत्या. हाताला फोड आले, तेव्हा फडकं गुंडाळलं. बुधवारी संध्याकाळी फाटकापर्यंत माती उघडी पडली. त्यांनी पाणी शिंपलं, ते लगेच मुरलं.

गुरुवारी सकाळी रियाजभाईंनी पुन्हा लॅम्प लावला. बल्ब लागला नाही.

“आता काय राहिलं?” सुमित्राबाईंनी विचारलं.

“मशीन कोणासाठी?” जमिनीने विचारलं.

“माझ्या यजमानांसाठी. चोवीस तास चालणार आहे.”

“फरशीच्या आधी पहाटे अनवाणी फिरायचे, ते?”

“तेच.”

“आता चालतील?”

“थोडं थोडं. मशीनची नळी लांब आहे. फाटकापर्यंत पुरते.”

रियाजभाई लॅम्प धरून उभेच होते.

“गिझरचं घेणार नाही,” जमीन म्हणाली.

“गिझर आजच काढते.”

“मग लावा.”

बल्ब लागला. रियाजभाईंनी वहीत ‘जमीन राजी’ असं लिहून वेळ टाकली. सुमित्राबाई हात धुऊन रिक्षा बघायला बाहेर पडल्या.