श्रीमंतांची अर्धी मिशी आणि तुफानाचे महागणक

श्रीविद्युल्लता प्रसन्न. अंक जीवांचे रक्षण करोत. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, चैत्रमासी दर्यालगतच्या एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे जे, मागील साली तुफान दुपारी आले आणि गणिताची यंत्रे जुनी, संथ, म्हणोन तुफान येणार हा अदमास संध्याकाळी निघाला, आणि होड्या बुडोन माणसे गेली. मग राज्याचे धनी श्रीमंत यांनी हवामानखात्याच्या मुख्य वेणूबाई केळशीकर यांस बोलावून, गणितास नवी यंत्रे घ्यावी ऐसा हुकूम फर्माविला. बाईंनी हुकूम शिरी धरिला, परंतु गेल्या साली किनाऱ्यावर ऐकिलेला आकांत कानांतून जाईना, म्हणोन निवड जपून करू लागल्या. दिवाण तिमाजीपंतांस मात्र घाई बहुत. शेजारच्या राज्याहून थोर यंत्र हवे, एवढीच त्यांची मसलत. त्यांनी सौदागराच्या वकिलाकरवी निळ्या दिव्यांचे ऐसे महागणक आणविले की पाहणाराचे डोळे दिपावे, आणि ते खास राजवाड्यात मांडिले. वकिलाने पदरची सोपी गणिते चालवून वाहवा मिळविली. मग बाई बोलिल्या, "ही तुमची गणिते जाहली. आता आमचे तुफानाचे चालवा."

वकील कचरला, परंतु दरबारी नाही कैसे म्हणावे? गणित चालू होताच यंत्रातील पंख्यांचा ऐसा गजर उठला की शेजाऱ्याचे बोलणे शेजाऱ्यास ऐकू येईना, आणि यंत्राने अवघ्या वाड्याची वीज ओढोन घेतली, आणि दिवे गेले. ते समयी श्रीमंत आत विजेच्या यंत्राने मिशी कातरवीत होते. उजवी जाहली, डावी राहिली. तैसेच बाहेर आले. कोणी मान वर करीना. पंतांनी दोष बाईंवर ढकलला. श्रीमंतांनी पुसिले, "बाई, यंत्र खोटे काय?"

"यंत्र थोर आहे, सरकार. पण त्यास पुरेल इतकी वीज आपल्यापाशी नाही. दाणा-चंदी पुरेल तोच घोडा पागेत बांधावा."

श्रीमंतांनी मिशीवर हात ठेवून रुकार दिला. मग बाईंनी मध्यम बळाची पुष्कळ यंत्रे घेतली, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यास तत्काळ पोहोचावे म्हणोन मधल्या तारा उत्तम घेतल्या, आणि यंत्रे तापू नयेत म्हणोन थंड खोली बांधविली. पंत म्हणाले, ही तर कचेरीतील कपाटे दिसतात.

वैशाखी एके पहाटे यंत्रांनी तुफान सांगितले. आभाळ निरभ्र. बाई स्वतः बंदरी जाऊन होड्या अडवू लागल्या. कोळ्यांचा म्होरक्या धाकू तांडेल संतापून म्हणाला, "बाय, आभाल बघा की. आमचं पोट काय तुमच्या यंत्रावं चालतं?" अदमास चुकला तर पुन्हा कोणी ऐकणार नाही, हे बाईंस ठाऊक होते, तरी वाटेतून हलल्या नाहीत; शेवटी कोळ्यांनी कुरकुरत होड्या वाळूत ओढिल्या. तिसऱ्या प्रहरी वारा सुटला, आणि दर्या धक्क्यावर चढला, आणि होड्या वाळूत ओढलेल्या म्हणोन वाचल्या.

दर्या निवल्यावर धाकू तांडेल कचेरीच्या दारी आला. दर्याकडे पाहत एवढेच पुसिले, "बाय, आज जाऊ का?"

एणेप्रमाणे यंत्रे आली, माणसे राहिली, आणि पंत रुसले. राज्यास तितके सोसले. लेखनसीमा.