लाल हेरॉन गिटारीची मोहीम

सर्व जाणत्या मंडळीस विनंती ऐसी की, मिशिगन प्रांतीं ग्रँड रॅपिड्स शहरीं एका तांबड्या गिटारीकरितां दोघां मातब्बर सरदारांत जो प्रसंग गुजरला, त्याचें वर्तमान लोकांनीं आपापल्या सोयीनें फिरविलें. कोणी म्हणे हातघाई जाहाली, कोणी म्हणे नुसती थंडी वाजली. याजकरितां मजकूर जैसा घडला तैसा लिहिला असे.

डॉक्टर गॉर्डन वँडरमोलेन, दंतवैद्य, हे थोर इभ्रतीचे पुरुष. निम्म्या शहराच्या दाढा त्यांचे हुकमतीखालीं होत्या. परंतु गिटारींचा शौक जबर. घराचे तळघरीं कांचेचीं कपाटें करोन त्यांत गिटारी मोठ्या बंदोबस्तानें ठेविल्या होत्या. हवेचा दमटपणा यंत्रानें मोजला जाई, आणि मऊ फडक्यानें अंगें पुसलीं जात, आणि वाजविण्याची बेअदबी कोणी करीत नसे. खासे डॉक्टरही करीत नसत.

तारुण्यीं हे आणि वेंडेल हूकस्ट्रा, जो पुढें घरांवर छपरें घालणारा बडा कंत्राटदार जाहाला, हे दोघे एका बँडांत वाजवीत. ते समयीं टाइनस्ट्रा यांचे वाद्यांचे दुकानीं खिडकींत ऑर्डवे कारखान्याची लाल 'हेरॉन' टांगिली असे. दोघे शाळेंतून परततां कांचेस नाक लावोन उभे राहत, आणि श्वासानें कांच धुरकट जाहाली म्हणजे बाहीनें पुसोन पुन्हा पाहत. मग ती गिटार कोणी परगांवचा घेऊन गेला, आणि कारखान्यानें ती घडविणेंच बंद केलें, आणि बँडाचे नांवांत आधीं वँडरमोलेन की आधीं हूकस्ट्रा या राजकारणांत बँडही बुडाला. तेव्हांपासोन उभयतांचें बोलणें बंद.

ऐशांत कारखान्याचें फर्मान सुटलें की, हेरॉनीस साठ वर्षें पुरीं होतात, सबब मोजक्याच नगांची खास आवृत्ती काढितों. एका शहरास एकच नग. आणि करामत ऐसी की, नवी गिटार कारागिरांनीं मुद्दाम जुनी केली. कोपराजवळील रंग घासोन उडविला, खुंट्यांस गंज चढविला, सिगारेटीचा डागही पाडिला, आणि या जखमांचें मोल म्हणोन साध्या गिटारीच्या चौपट किंमत लाविली. तें ऐकोन डॉक्टरांचे डोळां पाणी आलें.

मसलतीस पत्नी आर्लीनबाई बसल्या. त्यांनीं चित्र पाहिलें आणि म्हणाल्या, "गॉर्डन, आपल्या गाडीला असा एक ओरखडा आला तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास."

"हे ओरखडे अस्सल आहेत, आर्लीन."

"कारखान्यात पाडलेले?"

"हातानं पाडलेले!"

बाईंनीं हुकूम केला की, आणणें तर आणावी, परंतु तळघरीं आणिक एक मुकें बाहुलें बसविणार असाल तर त्याचे शेजारींच बिछाना घालोन घ्यावा. डॉक्टरांनीं तो हुकूम शिरसावंद्य मानोन अर्थ मात्र लाविला नाहीं.

मग विक्रीचे दिवशीं, बर्फ पडत असतां, डॉक्टरांची स्वारी पहांटेस कूच करोन निघाली. लोंकरी टोपी, दोन जोड पायमोजे, थर्मासांत कॉफी, ऐसा सरंजाम बरोबर घेतला. त्याच टाइनस्ट्रांचे दुकानापुढें पोंचतात तों दुसरे बाजूनें वेंडेलची सामान वाहण्याची मोटार येऊन थडकली. उभयतां उतरले, धांवले, बर्फावरोन घसरले, आणि दरवाज्याची मूठ एकाच क्षणीं दोघांनीं धरिली.

"हात काढ, दातकाढ्या!"

"तू काढ, पत्रेवाल्या! आधी मी आलोय."

"आधी तू? तू तर बँडच्या तालमीलासुद्धा कधी वेळेवर आला नाहीस!"

दुकान उघडेपर्यंत मूठ कोणी सोडिली नाहीं. बोटें निळीं पडलीं, कॉफी गाडींत निवाली, तरी मोर्चा ढळला नाहीं. मग विल्मा टाइनस्ट्रा बाई, जुन्या मालकाची कन्या, किल्ल्या घेऊन आल्या. त्यांनीं दोघांस आंत घेऊन फैसला सांगितला की, जो वाजवोन दाखवील त्यास गिटार मिळेल.

हें ऐकतांच दोन्ही फौजांत हाहाकार उडाला.

"वाजवून?" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे... आत्ता?"

"तुम्ही दोघं वाजवता, का नुसतं पुसता?" बाईंनीं विचारिलें.

डॉक्टरांनीं हेरॉन मांडीवर घेतली. ज्या हातांनीं हजारों दाढा न डगमगतां उपटल्या ते हात तारांवर चुकूं लागले. बँडांतील जुनी चाल धरिली, ती अर्ध्यावर येऊन अडली, आणि पुढील वाट सांपडेना. कान लाल जाहाले. तारुण्य निसटलें हें त्यांस त्या क्षणीं जैसें कळलें, तैसें कोणत्याही वाढदिवशीं कळलें नव्हतें.

मग वेंडेलनें गिटार हिसकोन घेतली. त्यास आरंभ आठवेना; परंतु डॉक्टर जेथें अडले तेथून पुढील चाल बोटांत बरोबर होती. तो डोळे मिटोन वाजवूं लागला, आणि डॉक्टरांचा पाय आपसूक ताल देऊं लागला. रंगांत येऊन वेंडेल उठोन उभा राहिला, आणि त्याचे पट्ट्याचें लोखंडी बक्कल गिटारीच्या पाठीवरोन खर्रकन् फिरलें.

विल्मा बाईंनीं दिवा जवळ आणिला.

डॉक्टरांनीं खिशांतील दांत तपासावयाचें भिंग डोळ्यांस लावोन पाठ पाहिली, परंतु कारखान्याचे ओरखडे कोणते आणि वेंडेलचा कोणता, हें कळेना. तरी वेंडेलचा चेहरा उतरला. "मी नाही घेत ही," तो म्हणाला. "खराब झाली. आता हिची किंमत गेली."

डॉक्टरांचे मनांत ऐसें आलें की, सबंध गिटारीवर खरोखर घडलेली जखम ती एवढीच. मग म्हणाले, "विल्मा, बांध. मी घेतो."

"वेडा आहेस का तू?" वेंडेल म्हणाला.

"तुझी पुढची चाल मला येत नाही. गुरुवारी घरी ये."

"आणि बँडचं नाव?"

"आधी हूकस्ट्रा लाव, आणि मर एकदाचा."

येणेंप्रमाणें डॉक्टर गॉर्डन वँडरमोलेन यांची फत्ते जाहाली. हेरॉन कपाटांत न जातां बैठकीच्या खोलींत सोफ्यावर दाखल जाहाली. गनीम दर गुरुवारीं येतो, आर्लीनबाईंचे हातची वाटाण्याची आमटी ओरपतो, आणि उभयतां मोठ्या आवाजांत बेसूर वाजवितात. शेजाऱ्यांनीं दोन वेळां पोलीस बोलाविले. दुसरे वेळीं पोलीस आला तो दारांत उभा राहोन सबंध चाल ऐकोन गेला, आणि जातां आवाज कमी करण्याची ताकीद देण्यास विसरला, ही नोंद खरी असे.