लाल रेषेचं सीमोल्लंघन

सांगून ठेवतो, स्पर्धा भरवावी तर आम्हीच! आम्ही म्हणजे मी, जयंत. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर आणि दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाचा कार्यवाह. दरवर्षी आपलं तेच, अंताक्षरी आणि बटाटेवडे! शेवटी वैतागून मी सभेत उभा राहिलो.

"यंदा नेमबाजी! मानेसरच्या इनडोअर रेंजवर. छर्ऱ्याचं पिस्तूल, छर्ऱ्याची रायफल आणि खऱ्या गोळीची पॉइंट टू-टू रायफल, तिन्ही एकामागून एक चालवायच्या, घड्याळ लावून! फसलं तर कार्यवाहपद सोडीन!"

तारीख मी सरकारी सुट्ट्यांच्या यादीतून काढली. रेंजचे मालक चौधरीजी म्हणाले, "हॉल दो बजे तक आपका. पर लाल लाइन के पार कोई गया, तो दोबारा इधर दिखना मत!" ही लाल रेषा म्हणजे जिथे उभं राहून नेम धरायचा ती. मी फाइलच उघडली. नावं, क्रम, कानाचे बोळे, पाण्याच्या बाटल्या... काही म्हणून विसरलो नाही! बायकोलाही सांगितलं, "चंद्रप्रभा, उद्घाटनाला जरा हळदीकुंकू लाव हं."

त्या दिवशी अकराच्या ठोक्याला मी शिट्टी तोंडात घातली आणि ती तिथेच राहिली. तिन्ही बंदुका पाटावर! भोवती रांगोळी, वर झेंडूचे हार, पुढे निरांजन!

"अगं, जरा म्हणालो होतो मी!"

"आज खंडेनवमी आहे. शस्त्रं समोर असताना पूजा जराशीच कशी करू?"

"बरं, छान झालं. चला सुभेदार, उचला पिस्तूल!"

कँटोन्मेंटातले सुभेदार शहाजी आमचे पहिले नेमबाज. ते दोन पावलं मागे सरकले.

"साहेब, पूजेला बसलेलं हत्यार उचलत नसतात. आमच्या पलटणीत तर बिल्कुल नाही!"

मागच्या अठरा जणांनी माना डोलावल्या. अहो, यादीत 'महानवमी' स्वच्छ लिहिलं होतं. मी फक्त सुट्टी वाचली!

चौधरी गुरकावले, "भाईसाहब, मैच होगा कि जागरण?"

चंद्रप्रभानं शांतपणे पर्समधून छोटं पंचांग काढलं. "बारा दहाला दशमी लागते. म्हणजे दसराच! उत्तरपूजा करते मी. पण शस्त्र उचलायचं ते आधी सीमोल्लंघनाला, मग खेळायला."

"आता सीमा कुठून आणू? दिल्लीची बॉर्डर तर मागे राहिली!"

सगळ्यांच्या नजरा हळूहळू लाल रेषेकडे वळल्या. मी डोळे मिटून घेतले. गेलं पद!

बायको मात्र सरळ चौधरींसमोर जाऊन उभी राहिली. "भाईसाहब, हमारे में सीमा पार किए बगैर हत्यार चलता नहीं. बंदूक आप ही खाली करो, आगे भी आप ही चलो." आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत कपाळावर टिळा लावलासुद्धा!

टिळा लावलेला माणूस ओरडणार कसा? बारा दहाला उत्तरपूजा झाली. चौधरींनी तिन्ही बंदुका स्वतः तपासल्या, रिकाम्या असल्याची दोनदा खात्री केली आणि आपणच रेषा ओलांडली. मागे सुभेदार, मागे आम्ही सगळे. 'हर हर महादेव' सुभेदारांनी सुरू केलं, पण सर्वांत मोठा आवाज चौधरींचा!

मग काय विचारता! सगळे परत रेषेअलीकडे आले आणि धडाधड फेऱ्या सुटल्या. रायफलला गाल लावला की दस्त्याचं कुंकू गालाला. विसाच्या वीस जणांचे उजवे गाल लाल! दोनला पाच कमी असताना स्पर्धा संपली. सुभेदार पहिले आले. मी विसावा, पण ते हळद डोळ्यात गेल्यामुळे.

चौधरींनी माझा हात धरून गदागदा हलवला. "हॉल हर साल आपका!" माझी छाती फुगली. "पर इंतज़ाम भाभीजी करेंगी!"

मंडळानं तिथल्या तिथे ठराव केला आणि कार्यवाह म्हणून चंद्रप्रभाला निवडलं. एकमतानं! हात वर करणं मलाही भाग होतं, ती शेजारीच उभी होती. स्पर्धा फसली असती तर पद जाणार होतं. ती गाजली, म्हणून गेलं!

पुढच्या वर्षी मी आहेच म्हणा. झेंडू आणायला.